दुखऱ्या पाठीवर कुणाचा हात?

पाठ, मान किंवा गुडघा दुखायला लागला की तेल, शेक, पट्टा, मालिश ही आपली ठरलेली वाट. आता त्या वाटेवर ऑस्टिओपथीची पाटीही दिसू लागली आहे. ही उपचारपद्धती आहे तरी काय, तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे तिच्यावर विसंबून राहणं महागात पडतं, हे समजून घेऊ या.

कमरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा समज. पाय मुरगळला तर हाडवैद्य, मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप आणि बाळंतिणीला मालिश करणारी बाई तर प्रत्येक आळीत ठरलेली. दुखऱ्या अंगाला कुणीतरी जाणत्याने हात लावावा, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे.

आज तीच इच्छा घेऊन आपण अंधेरीच्या नाहीतर बोरिवलीच्या एखाद्या क्लिनिकच्या पायऱ्या चढतो. बाहेर पाटीवर फिजिओथेरपी, कायरोप्रॅक्टिक, स्पोर्ट्‌स रिहॅब अशी नावं एकाखाली एक लिहिलेली असतात आणि त्यातच ऑस्टिओपथी हेही एक नाव असतं. ते वाचून कुणाला ऑस्टिओपोरोसिस आठवतो, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. कुणाला वाटतं, हा हाडांचा डॉक्टर असणार. प्रत्यक्षात ऑस्टिओपथी म्हणजे यातलं काहीच नाही. ही हाताने करायची उपचारपद्धती आहे. स्नायू, सांधे आणि मणका यांच्या हालचाली तपासायच्या, जिथे हालचाल अडली आहे तिथे हातानेच ती मोकळी करायची, हा तिचा गाभा. औषध नाही, सुई नाही, मशीन नाही.

मुलं गमावलेल्या डॉक्टरचा शोध

या पद्धतीचा जनक अमेरिकेतला. अँड्र्यू टेलर स्टिल हे त्याचं नाव. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. स्वतः वैद्यकी करणारा बाप आणि डोळ्यांदेखत मुलं गेली! त्या काळातली औषधं म्हणजे पारा, अफू आणि रक्त काढणं. त्या औषधांवरचा त्याचा विश्वासच उडाला. शरीराची रचना नीट असेल, रक्ताचा प्रवाह मोकळा असेल, तर शरीर स्वतःला बरं करतं, असं तो मांडू लागला. १८७४ साली त्याने आपली पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या गावात तिचं पहिलं विद्यालय काढलं.

आपल्यासाठी कुतूहलाची गोष्ट म्हणजे त्याच्या पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही प्रवेश होता. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, त्या स्त्रियांसाठीच्या वेगळ्या कॉलेजातून. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी कर्क्सव्हिलला मुली मुलांच्या शेजारी बसून शरीरशास्त्र शिकत होत्या.

स्टिलचं सगळंच म्हणणं मात्र पुढे टिकलं नाही. बहुतेक आजारांचं मूळ हाडं जागेवरून हलण्यात आहे, हे त्याचं मत आजचं विज्ञान मानत नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिओपथीने काळाबरोबर आधुनिक वैद्यक पूर्ण स्वीकारलं. तिथला ऑस्टिओपथिक डॉक्टर औषधं लिहून देतो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये वेगळंच घडलं. स्टिलचा विद्यार्थी जॉन मार्टिन लिटलजॉन याने १९१७ मध्ये लंडनला विद्यालय काढलं. तिथला ऑस्टिओपॅथ हातानेच उपचार करतो. १९९३ च्या कायद्याने त्याला सरकारी नोंदणी बंधनकारक झाली. म्हणजे नाव एकच, पण न्यूयॉर्कचा ऑस्टिओपॅथ आणि लंडनचा ऑस्टिओपॅथ यांच्या शिक्षणात जमीन-अस्मानाचा फरक.

आणि आपल्याकडे? ब्रिटनसारखी खास ऑस्टिओपथीची सरकारी नोंदणी आपल्याकडे नाही. मुंबईत ही पद्धत वापरणाऱ्यांत मूळचे फिजिओथेरपिस्ट असून वरून ऑस्टिओपथीचं प्रशिक्षण घेतलेले बरेच असतात. फिजिओथेरपीची परंपरा मात्र आपल्या शहरात भक्कम आहे. पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू झालं. लुळ्या पडलेल्या लहान लहान पायांना पुन्हा उभं करण्याच्या गरजेतून हे शास्त्र मुंबईत रुजलं, हे विसरायला नको.

तिथे नेमकं काय करतात?

पहिल्या भेटीत चांगला ऑस्टिओपॅथ बराच वेळ नुसतं विचारतो. कधीपासून दुखतं, रात्री झोपेतून जाग येते का, पूर्वी कुठे पडला होतात का, बाळंतपणं किती, पाळी गेली का, कुठली औषधं चालू आहेत. मग उभं करून, वाकवून, चालायला लावून बघतो. कंबर दुखते म्हणून गेलेल्या बाईचा घोटाही तो तपासतो, तेव्हा तिला नवल वाटतं. पण जुन्या मुरगळण्यामुळे एका पायावर भार कमी टाकायची सवय लागली असेल, तर त्याचा ताण वर कमरेपर्यंत जाऊ शकतो. शरीराकडे असं एकसंध बघणं ही या पद्धतीची जमेची बाजू.

मग हाताचं काम. आखडलेले स्नायू हळूहळू ताणणं, सांधा सावकाश फिरवणं, 'तुम्ही ढकला, मी अडवतो' असं करून स्नायू सैल करणं, हे त्यातले सौम्य प्रकार. आणि एक प्रकार झटक्याचा. त्यात 'कडाक्' असा आवाज येतो आणि पेशंट म्हणतो, "बसलं बाई हाड जागेवर!"

हाड जागेवर वगैरे काही बसत नाही. ते हललेलंच नसतं. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असं नाही आणि नाही आला म्हणजे फुकट गेला असंही नाही. झटक्यानंतर काही वेळ बरं वाटतं, सांधा मोकळा वाटतो, हे मात्र खरं.

गुण येतो का?

आता मुद्द्याचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. म्हणजे दर तेरा माणसांत एक. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. जुनाट कंबरदुखीसाठी काय करावं आणि काय करू नये, याच्या सूचना संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिल्या. करावं असं म्हटलेल्या गोष्टींत व्यायाम आहे, दुखण्याबद्दल नीट माहिती देणं आहे, मानसिक आधाराचे उपचार आहेत. मणक्यावरचे हाताचे उपचार आणि मालिशही त्या यादीत आहेत, पण अनेक उपायांपैकी एक म्हणून.

काय नको ते वाचलं तर आपण दचकू. कमरेचा पट्टा, वजन लावून ताण देणं म्हणजे ट्रॅक्शन, विजेच्या यंत्राच्या मुंग्या आणि अल्ट्रासाऊंडचा शेक हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असं ही सूचना सांगते. आपल्यापैकी कितीजणींच्या कपाटात तो पट्टा आहे, जरा आठवा.

ऑस्टिओपथीची वेगळी परीक्षाही झाली आहे. फ्रान्समध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरे उपचार दिले, निम्म्यांना नुसता हलका हात लावून उपचाराचा आभास दिला. खऱ्या उपचारवाल्यांच्या रोजच्या हालचालींत थोडा फरक पडला, पण तो इतका लहान होता की रुग्णाला तो जाणवेल का, याचीच शंका अभ्यासकांनी व्यक्त केली. वेदनेत तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. डोक्याच्या कवटीला हळुवार दाबून नाना आजार बरे करण्याचे जे दावे होतात, त्यांना तर याहूनही कमी आधार आहे.

मग जायचं की नाही? याचं सरळ उत्तर असं. दुखण्याचं कारण गंभीर नाही हे आधी डॉक्टरकडून कळलेलं असेल, तर हाताचा उपचार काही दिवसांचा आराम देऊ शकतो. तेवढ्या दिवसांत न घाबरता हालचाल सुरू करायची. व्यायामाचा ताबा घ्यायचा तो तेव्हा. टेबलावर मिळालेला आराम घरी येऊन व्यायामात घातला नाही, तर तो पुढच्या आठवड्यापर्यंत विरून जातो आणि आपण पुन्हा त्याच टेबलावर असतो.

'गॅप'ची भीती

उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी चार जणी कट्ट्यावर बसल्या की त्यांतल्या एकीच्या मणक्यात 'गॅप' असतोच. दुसरीची 'गादी सरकलेली' असते, तिसरीची 'नस दबलेली'. हे शब्द एकदा कानावर पडले की बाई वाकायची बंद होते. नातवंडाला उचलत नाही, खाली बसत नाही, फिरायला जाणंही सोडते.

मणक्यांमधली गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. वयाप्रमाणे ती सुकते, थोडी फुगते. क्वचित फाटून आतला भाग बाहेर येतो आणि नसेवर दाब देतो, तेव्हा पायात कळ जाते. पण नुसती फुगलेली गादी म्हणजे आजार नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये मांडल्या गेल्या, तेव्हा चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांत फुगलेली गादी दिसली. डोक्यावरचे केस पांढरे व्हावेत तसंच हे आतलं पिकणं. म्हणून एमआरआयच्या कागदावर काय लिहिलंय यापेक्षा तुम्हाला काय होतंय आणि तपासताना काय सापडतंय, हे महत्त्वाचं. आणि 'गॅप भरून देतो' म्हणणाऱ्यापासून, मग तो कुठल्याही पॅथीचा असो, दोन हात लांब राहावं.

मग बायकांची पाठ दुखते कशाने? दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी ओट्याशी दोन तास, मग स्टेशन. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा बायकांना केवढं हायसं वाटलं होतं! पण आजही गर्दीच्या वेळी बोरिवलीहून किंवा मुलुंडहून उभ्याने, एका खांद्यावर पर्स आणि दुसऱ्या हाताने कडी धरून जाणं चुकलेलं नाही. ऑफिसात आठ तास खुर्ची. परत येताना घाटकोपरला मेट्रोचे जिने. घरी पुन्हा ओटा. रात्री अकराला पाठ टेकते. यात पाठीला काम भरपूर आहे, पण व्यायाम नाही. एकच एक ताण तासन्‌तास, हेच तिचं दुखणं.

"दिवसभर कामच तर करते, वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न प्रत्येक घरात ऐकू येतो. कारण घरकाम ठरावीक स्नायूंनाच दमवतं. मांड्या, पोट आणि पाठ यांची ताकद वाढायला वेगळा व्यायाम लागतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, अर्धा तास भरभर चालणं. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. लागतो तो दिवसातला अर्धा तास आणि तो आपल्याला द्यायची घरातल्यांची तयारी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे प्रत्येकीला ठाऊक आहे.

मैदानातली मुलगी

आता पाठीकडून गुडघ्याकडे येऊ. उपनगरांत मुलींचा खेळ आता खूप वाढला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या बायका दिसतात. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने हे वेड घराघरांत नेलं. कबड्डी तर इथल्या मातीतली. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या.

अशीच एखादी चौदा-पंधरा वर्षांची चढाईपटू डोळ्यांसमोर आणा. चढाई करून परत फिरताना तिचा पाय मॅटला घट्ट राहतो आणि अंग वळतं. कुणी धक्काही दिलेला नसतो. गुडघ्यात 'टक्' असं काहीतरी तुटल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजतो. घरी आल्यावर आई म्हणते, "लचक भरली असेल गं, उद्या मालिशवाल्या काकूंकडे जाऊ." चार दिवस मालिश, मग सूज उतरते, मुलगी पुन्हा मैदानात. महिन्याभरात वळताना गुडघा दगा देतो. पुन्हा मालिश. असं करत करत गुडघ्यातली चकतीही फाटते आणि सोळाव्या वर्षी खेळ सुटतो.

ही लचक नसते. गुडघ्याच्या आत असलेला लिगामेंट, ज्याला खेळाडू 'एसीएल' म्हणतात, तो तुटलेला असतो. उडी मारून उतरणं आणि वेगात वळणं ज्या खेळांत आहे, तिथे मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. पूर्ण तुटलेला लिगामेंट जगातला कुठलाही हात जोडू शकत नाही. ना मालिशवालीचा, ना हाडवैद्याचा, ना ऑस्टिओपॅथचा. तिथे अस्थिरोगतज्ज्ञानेच तपासायला हवं. शस्त्रक्रिया लागेल की नुसत्या व्यायामाने भागेल, ते मग ठरतं.

आणि ही दुखापत म्हणजे खेळाचा शेवट नव्हे. सांगलीची स्मृती मानधना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये खेळताना याच लिगामेंटच्या दुखापतीने बाहेर गेली. पाच महिने मेहनत घेऊन ती थेट विश्वचषकात उतरली आणि इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तिने ९० धावा काढल्या. डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्यावर आपल्या अंधेरीतच शस्त्रक्रिया झाली. तो मार्च २०२४ मध्ये मैदानात परतला. भालाफेकपटू नीरज चोप्राच्या कोपरावरची शस्त्रक्रियाही २०१९ मध्ये अंधेरीतच झाली आणि दोन वर्षांनी त्याने टोकियोत सुवर्ण जिंकलं.

या कहाण्यांत शस्त्रक्रिया काही तासांची, पण नंतरचे व्यायाम महिनोन्‌महिन्यांचे. स्मृतीच्या दिमतीला पूर्णवेळ तज्ज्ञ होते. शाळकरी मुलीने पाच महिन्यांची घाई करू नये. अशा शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने थांबावं आणि दोन्ही पायांची ताकद सारखी झाल्याची चाचणी देऊनच मैदानात उतरावं, असं तज्ज्ञ सांगतात. या काळात आखडलेले स्नायू सैल करायला, सांध्याची हालचाल परत आणायला हाताचे उपचार जरूर मदत करतात. ऑस्टिओपथीची खेळातली खरी जागा ही. दुखापत जुळून येत असताना मदतनीस म्हणून.

घोटा मुरगळला तर? त्यासाठी एक सोपी खूण आहे. दुखापत झाल्यावर आणि नंतर डॉक्टरकडेही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यावर जीव कळवळत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. तोवर कुणालाही ओढू-ताणू देऊ नये. पहिले दोन दिवस पाय उंचावर, हलकी पट्टी, दुखणं असह्य असेल तर थोडा वेळ बर्फ. गरम शेक आणि जोराची मालिश नको, त्याने सूज वाढते. मग दुखेल तितपतच पण रोज हालचाल. महिनाभर पाय गुंडाळून बसवलेली मुलगी पुन्हा मुरगळण्याच्याच वाटेवर असते.

सगळ्यात स्वस्त उपचार मात्र दुखापत होण्याआधीचा. धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम अशी वीस मिनिटांची तयारी 'फिफा ११+' या नावाने फुटबॉलमध्ये रुळली आहे. ती नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. कबड्डी, खो-खोच्या मुलींना ती जशीच्या तशी उपयोगी पडेल. तुमच्या मुलीचे प्रशिक्षक सरावाआधी अशी तयारी करून घेतात का, हे एकदा मैदानावर जाऊन बघा.

इथे हात लावू देऊ नका

हाताचे उपचार बहुधा सुरक्षित असतात, पण काही ठिकाणी ते धोक्याचे आहेत. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्याला झटका दिला, तर मणका दबून मोडू शकतो. बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्या, कर्करोग होऊन गेलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या स्त्रियांनी झटक्याचे प्रकार टाळावेत. गरोदर असाल तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काहीही करून घेऊ नका.

मान हे वेगळंच प्रकरण. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. मानेला दिलेल्या जोराच्या झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना क्वचित, पण घडलेल्या आहेत. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान 'मोडून' घेणाऱ्या नवऱ्यालाही हे आवर्जून सांगा. मानेला झटका नको, असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि काही दुखणी अशी, की ती घेऊन पाठीवर उपचार करून घ्यायला जायचंच नाही, थेट रुग्णालय गाठायचं. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतली जागा बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, ताप येणं, कारण नसताना वजन उतरणं, पडल्यानंतर सुरू झालेली आणि रात्री झोपू न देणारी वेदना. यात एक दिवसही घालवू नये.

विचारायला लाजू नका

भाजीवालीला दोनदा भाव विचारणाऱ्या आपण, क्लिनिकमध्ये शिरलो की गप्प होतो. तिथे विचारायलाच हवेत असे काही प्रश्न.

• तुमची मूळ पदवी कोणती? महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. ऑस्टिओपथीचं शिक्षण किती वर्षांचं, पूर्णवेळ की शनिवार-रविवारचं, तेही विचारा.

• माझं दुखणं नेमकं काय आहे आणि किती भेटींत फरक दिसायला हवा? तीन-चार भेटींत काहीच फरक नसेल तर थांबावं. पहिल्याच दिवशी वीस भेटींचं पॅकेज घ्यायला लावणाऱ्याला हात जोडावेत.

• घरी करायचे व्यायाम कोणते? नुसतं टेबलावर झोपवून घरी पाठवणारा उपचार अर्धाच.

• काय करणार आहात ते आधी सांगाल का? कपडे किती काढायचे, हात कुठे लागणार, हे आधी कळायला हवं. सोबत आई, बहीण, मैत्रीण कुणीही बसू शकते. शाळकरी मुलीला तर कधीच एकटीला आत पाठवू नये. नको वाटलं त्या क्षणी 'थांबा' म्हणायचं. त्याला कारण द्यावं लागत नाही.

शेवटी एक. मुलाचा पाय मुरगळला तर आपण त्याच संध्याकाळी त्याला घेऊन डॉक्टरकडे धावतो. मुलीचा मुरगळला तर 'बघू उद्या' होतं. आणि स्वतःची कंबर? ती दिवाळीनंतर, परीक्षेनंतर, पाहुणे गेल्यावर. मधल्या काळात तेल, पट्टा, शेजारणीची गोळी. हाताच्या उपचाराला येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना खरी गरज असते ती कुणीतरी नीट ऐकून घेण्याची आणि वेळेवर तपासण्याची. या आठवड्यात एवढंच करा. तीन महिन्यांपासून 'चालतंय' म्हणून ढकललेलं जे दुखणं असेल, मग ते तुमचं असो की लेकीचं, त्यासाठी डॉक्टरची वेळ घ्या. तारीख कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. आणि त्या दिवशी घरात कुणी काही काम काढलं, तरी ती तारीख खोडू नका.